खालचा बी फ्लॅट आधी वाजवा

जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात सॅक्सोफोनवाल्याला बोलावणं येणार की नाही, हे आयोजकाच्या बजेटवर ठरतं. बजेट तंग असलं की कीबोर्डवालाच सॅक्सचा टोन लावून वेळ निभावून नेतो. पण यादीत 'है दुनिया उसी की' किंवा 'रूप तेरा मस्ताना' असेल, तर खरं वाद्य लागतंच. १९६४ चा 'कश्मीर की कली' काय किंवा १९६९ चा 'आराधना' काय, मनोहारी सिंगांचा तो सॅक्स लोकांच्या कानात इतका पक्का बसलाय की नक्कल पहिल्या तुकड्यातच उघडी पडते.

त्यामुळे आमच्याकडे एक वेगळाच वादकवर्ग आहे. दिवसा बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरी आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादी सुपारी. एवढ्यासाठी नवा कोरा भारी सॅक्स कुणी घेत नाही, परवडतही नाही. सगळे जुन्याच्या शोधात असतात. हे व्यवहार ग्रीनरूममध्ये, जिन्यात, शो संपल्यावरच्या चहावर ठरतात, आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ता नसतो.

अशा व्यवहारांतले आमचे न्यायाधीश म्हणजे एक गोवन अंकल. गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वादकांची वाद्यं चालू ठेवणारी माणसंही त्यांच्यातलीच होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. अंकल त्यातले. कुणीही जुना सॅक्स घेऊन आला की ते ब्रँड विचारत नाहीत. रीड ओली करायची, माउथपीस लावायचा आणि सांगायचं, "खालचा बी फ्लॅट वाजव. जोर नको. हळू."

सगळी मेख त्या 'हळू'त आहे. सॅक्सची नळी पितळी असली तरी वाजते ती रीडवर, आणि तिच्या अंगावर पंचवीसेक भोकं असतात. प्रत्येक भोकावर चामड्याचं पॅड. सर्वांत खालचा सूर काढायचा तर जवळजवळ सगळी पॅड एकाच वेळी घट्ट बसावी लागतात. वरच्या बाजूला एखादं जरी लीक असलं, तरी खालचा सूर गुरगुरतो नाहीतर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. विकणाऱ्याला हे माहीत असतं. तो जोरात फुंकतो, बोटं आवळून धरतो, वरच्या पट्टीत दोन फडकत्या ओळी वाजवतो आणि समोरचा भुलतो. लीक असलेलं वाद्य बोटांच्या जोरावर पाच मिनिटं वाजतं, तीन तासांच्या शोला नाही.

बँकेतला आमचा एक मित्र असाच दोन अल्टो सॅक्सोफोनच्या मध्ये अडकला होता. एक लखलखीत, सोन्यासारखा. दुसरा यामाहाचा वायएएस-२३, विद्यार्थ्यांसाठी बनवलेलं मॉडेल, उजव्या अंगठ्यापाशी लॅकर साफ गेलेलं, बेलला एक पोचा. मित्राचा जीव पहिल्यावर. अंकलनी लखलखीत वाद्य खिडकीशी नेऊन बेलवरची नक्षी दाखवली. रेघा पुसट, कडा गोल झालेल्या. "हा पॉलिश मारून परत लॅकर केलाय. पॉलिशच्या चाकावर पितळ गेलं."

मग खोलीचा पडदा ओढला आणि वायरच्या टोकाला लावलेला छोटा दिवा नळीत सोडला. एकेक पॅड हलक्या बोटानं बंद करत गेले. लखलखीत वाद्यात तीन ठिकाणी पॅडच्या कडेनं केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. एका भोकाची कडच घासून एका बाजूला खाली गेली होती. तिथे नवं पॅडही सपाट बसणार नाही. यामाहातही उजेड दिसला, पण तो सुकलेल्या पॅडमुळे. भोकांच्या कडा सरळ, सळ्या न डगमगणाऱ्या. बेलवरच्या पोच्याकडे अंकलनी पाहिलंही नाही. नेक मात्र उलटसुलट फिरवून पाहिला, कारण नेक वाकलेला असेल किंवा दुसऱ्याच वाद्याचा बसवलेला असेल, तर सूर कधीच जुळत नाहीत. मित्रानं यामाहा घेतला, सगळी पॅड बदलून घेतली. तो आजही शोला तोच वाजवतो.

दुसरा किस्सा जास्त दुखावणारा. बाजारात एक जुना अमेरिकन अल्टो आला होता. कोरीवकाम देखणं, पॅड नवी, खालचा बी फ्लॅटही लोण्यासारखा. एका तरुण पोरानं साठवलेले सगळे पैसे त्यात घातले. तालमीला कीबोर्डवाल्यानं सूर दिला आणि दोघंही थांबले. सॅक्स चढा. माउथपीस बाहेर ओढला तर एक सूर जुळला, बाकीचे विखुरले. अंकलनी सीरियल नंबरच्या जवळ बोट ठेवलं. तिथे 'हाय पिच' असा शिक्का होता. शंभर वर्षांपूर्वी बँडसाठी चढ्या सुराची वाद्यंही बनत. आज आपण ए हा सूर ४४० हर्ट्झला जुळवतो, ती वाद्यं साडेचारशेच्या वर. भोकंच त्या हिशेबानं पाडलेली असल्यामुळे त्यावर कुठलाही इलाज नाही. ते वाद्य दिवाणखान्यात शोभेल, ऑर्केस्ट्रात बसणार नाही. म्हणून जुन्या वाद्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नका आणि सोबत ट्यूनर न्या, हे मी भेटेल त्याला सांगतो.

अल्टो की टेनर, असंही विचारतात. कधीमधी वाजवणाऱ्यानं अल्टोच घ्यावा. हलका, जुन्या बाजारात जास्त मिळणारा आणि मनोहारीदांची बरीच गाणी त्यावरचीच. अल्टोचा सी म्हणजे आपली काळी दोन. गायिकेनं काळी पाच सांगितली की अल्टोवाला मनात जी पकडतो. हे गणित एकदा बोटात बसलं की झालं.

वाद्य घेतल्यावर ते सांभाळावंही लागतं. पावसाळ्यात जी शार्पचं पॅड चिकटतं. प्रत्येक सॅक्सवाल्याच्या पेटीत त्यासाठी पातळ कागदाचे तुकडे असतात. पॅडखाली कागद दाबायचा, ओल टिपायची. एका शोला मध्यंतराआधी आमच्या एका वादकाची स्प्रिंग तुटली. विंगेत हेअरबँड मागितला गेला, कोरसमधल्या मुलीनं केसांतला काढून दिला आणि तो चावीला गुंडाळून उरलेला सगळा कार्यक्रम झाला. टाळ्या सॅक्सलाच जास्त पडल्या. तो वादक शांत होता, कारण त्याला आपलं वाद्य आतून माहीत होतं. दुरुस्तीवाल्याशेजारी बसून त्यानं ते उघडलेलं पाहिलं होतं. आणि एक, एसी नाट्यगृहात थंड वाद्याचा सूर उतरतो. एंट्रीआधी विंगेत उभं राहून नळीत ऊब भरायची, आवाज न करता.

पैशांचं माझं गणित सरळ आहे. जेवढं बजेट असेल, त्यातला चौथा हिस्सा वाद्य घेण्याआधीच पॅड, कॉर्क आणि माउथपीससाठी बाजूला काढा. माउथपीस हलक्या प्रतीचा असेल तर चांगला सॅक्सही नाकात बोलतो. साध्या विद्यार्थी मॉडेलवर बरा माउथपीस आणि अडीच नंबरची रीड लावली की मागच्या रांगेला वाद्याची किंमत कळत नाही. आणि वाद्य शोधण्याआधी दुरुस्तीवाला शोधा. तो ज्याला हो म्हणेल तेच घ्या.

शेवटी एक विनंती. मुंबईत, वसईत, गोव्यात कितीतरी घरांत वडिलांचा, काकांचा सॅक्स पलंगाखाली पेटीत पडून आहे. पॅड सुकली, कसर लागली तरी पितळ शाबूत असतं. तो एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवा. स्वतः वाजवणार नसाल, तर रास्त किमतीत एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या. आमच्याकडे अशी मुलं आहेत.