शिशाचे नाणे भंगारात घालू नका



जुनी नाणी जमवणे हा शेठजींचा छंद, पगारावर जगणाऱ्यांचे ते काम नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. रोमच्या बादशहाचे सोन्याचे नाणे विकत घ्यायचे म्हटले तर ते खरेच आहे. शिशाच्या नाण्याची गोष्ट मात्र निराळी. ते आपल्याच मातीत सापडते आणि कुणी ओळखत नाही म्हणून तिथेच हरवते. आमच्या भुकूमपासून पौडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाया खोदण्याची कामे चालू असतात. जेसीबीच्या मागे घमेले घेऊन उभी असतात ती कष्टकरी माणसेच. त्यांच्यासाठी हा लेख.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर सातवाहनांचे राज्य होते. त्यांनी शिशाची नाणी भरपूर पाडली. त्यांवर हत्ती, कठड्यातले झाड, चार टोकांना चार वर्तुळे असलेली खूण आणि राजाचे नाव असे. नाव ब्राह्मी लिपीत आणि लोकांच्या प्राकृत भाषेत. बाजारातले मीठमिरची याच हलक्या नाण्यांवर चालत असणार.

हे शिसे थोडेफार रोमशी असलेल्या व्यापारातूनही येत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत तांबे, कथील, शिसे आणि रोमन सोन्याचांदीची नाणीही आहेत. उलट पैठण आणि तगर म्हणजे आजचे तेर, इथून गाड्या भरभरून मौल्यवान दगड, साधे कापड आणि मलमल जात असे. तेरच्या उत्खननात रोमन नाण्याची मातीची नक्कल सापडली. सोन्याची पुतळी न परवडणाऱ्या बाईने ती गळ्यात घातली असेल, असे मला वाटते. रोममध्येही शिशाचे छोटे बिल्ले चालत, गिरणीच्या कँटीनमध्ये टोकन चालायचे तसे.

नाण्याला बोलते करायचे तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत जावे. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. ठेवले कुणाकडे? राजाच्या खजिन्यात नव्हे, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे! २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आता हिशोब करून पाहा. २००० वर वर्षाचे व्याज २४०. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. २४० ला २० ने भागा, बरोबर १२ येतात. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळेबंद, आणि एका पैचाही फरक नाही. कारकुनी करणाऱ्या माणसाला याचा आनंद वेगळा सांगायला नको. राजघराण्याने विश्वासाने पैसा ठेवावा अशी पत त्या कोष्ट्यांची होती.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. त्याने नहपानाला हरवले, हे त्या ठशांवरून कळते. ही नाणी सोनाराने वितळवली असती तर हा पुरावा त्याच्या मुशीत गेला असता. चांदीचे नाणे निदान सोनाराकडे जाते, शिशाचे तर भंगारवाल्याच्या तराजूत.

छंद असलेल्यांना दोन शब्द. जुन्या बाजारात 'सातवाहन' म्हणून मिळणारे प्रत्येक नाणे खरे नसते. शिसे चुलीवरच्या पळीतसुद्धा वितळते, त्यामुळे नक्कल ओतणे सोपे. कडेला साच्याची रेघ दिसली तर पैसे परत खिशात घाला. खरे नाणे मिळाले तर ते चिंचेने किंवा लिंबाने घासू नका, आंबटाने शिसे खाल्ले जाते. लाकडी पेटीतही ठेवू नका. वरची पांढरी भुकटी विषारी असते, म्हणून हात धुवा आणि लेकरांच्या हाती देऊ नका.

आता कायद्याचे. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि आपला हिस्साही जातो. कळवले आणि जुना धनी पुढे आला नाही, तर वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्याला बारा आणे आणि जमीनमालकाला चार आणे, अशी वाटणी त्याच कायद्यात आहे. सरकारने ऐवज स्वतःकडे घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. मुकादम म्हणेल, "तुझा काय संबंध, इकडे दे." संबंध आहे. अर्जात वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली ते लिहा. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.