कॉमेट विमानाची खिडकी

आकाशातून विमान गेले, की आपण मान वर करून बघतो. एवढ्या उंचावरून माणसे सुखरूप कशी जातात? त्यामागे एक हकिकत आहे. ती आज आम्ही सांगतो.

पूर्वी प्रवासी विमाने पंख्याच्या जोरावर चालत. मग इंग्लंडमधल्या डी हॅविलँड कंपनीने जेट विमान बांधले. जेट इंजिनात तेल जळते. तापलेला वायू जोराने मागे सुटतो आणि विमान पुढे रेटले जाते. फुगवलेला फुगा सोडून द्या, तो असाच पळतो.

या विमानाचे नाव कॉमेट, म्हणजे धूमकेतू. त्यात ३६ जणांची बसायची सोय होती. २ मे १९५२ रोजी ते लंडनहून आफ्रिकेतील जोहान्सबर्गला निघाले. जगातली ही पहिली जेट प्रवासी सेवा. त्याच वर्षी कॉमेट मुंबईवरून कोलंबोलाही जाऊ लागले.

पण १९५४ साली घात झाला. जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये एक, अशी दोन कॉमेट विमाने इटलीजवळ हवेतच फुटली आणि समुद्रात पडली. ५६ माणसे गेली. कॉमेटची उड्डाणे थांबवली गेली.

कारण काय? उंचावर हवा विरळ असते. प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमानात हवा दाबून भरतात. विमान वर गेले, की त्याचे अंग किंचित फुगते. खाली आले, की पूर्ववत होते. शाळेत आम्ही मुलांना तार वाकवायला देत असू. एकदा वाकवून तार तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवा, मग बघा, तुकडा पडतो. धातूही थकतो!

फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनी एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवले. आतही पाणी भरले. मग आतला दाब वाढवायचा, कमी करायचा, असे सारखे चालले. पाणीच का? दाबलेली हवा सुटली, तर स्फोट होऊन चिंध्या होतात. पाण्यात तसे होत नाही. भेग जागच्या जागी दिसते.

आधीची उड्डाणे आणि टाकीतली परीक्षा मिळून सुमारे ३,००० खेपा झाल्या, आणि पत्रा फाटला! खिडक्या चौकोनी होत्या. कोपऱ्याशी ताण साठत होता. कापडाला चौकोनी भोक पाडून ताणा, तेही कोपऱ्यातच फाटेल.

चौकशीत सापडलेला दोष लपवला नाही, जगाला सांगितला. नव्या कॉमेटचा पत्रा जाड केला, खिडक्या गोलसर केल्या. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी कॉमेटने लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये प्रवासी नेले. दुसऱ्या विमान बांधणाऱ्यांनीही धडा घेतला. आजही विमानाच्या खिडकीचे कोपरे गोल असतात.

तेव्हा मंडळी, ट्रॉलीच्या हुकाला केसाएवढी भेग दिसली, तर ‘काल तर चालला होता’ असे म्हणू नका. कालपर्यंत चालला, म्हणूनच तो थकला आहे. आधी तो बदला, मग ट्रॉलीत माणसे बसवा.