पुडीवर नाव नसते

कारंजा येथे आमचे किराणा आणि काष्ठौषधींचे दुकान होते. आजोबांनी सुरू केलेले, वडिलांनी वाढविलेले आणि काही वर्षांपूर्वी मी बंद केलेले. दुपारी बाजार निवांत झाला की हिरडा, सुंठ, वेखंड, जटामांसी यांचा मिसळलेला वास दुकानभर दाटून राही. त्या वेळी येणारी गिऱ्हाइके दोन प्रकारची असत. काही मोठ्याने बोलत : गुडघे धरले आहेत, खोकला हटत नाही, बाळंतिणीसाठी डिंक हवा आहे. दुसरी मंडळी दुकानात आणखी कोणी नाही असे पाहूनच पायरी चढत. शंभर ग्रॅम आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, पन्नास ग्रॅम ब्राह्मी, असल्यास थोडी जटामांसी. कोणासाठी, हे ती सांगत नसत आणि आम्ही विचारत नसू. वडिलांचा तो शिरस्ताच होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रुग्णाचे नाव असते, पुडीवर नाव नसते.

तो शिरस्ता मला तेव्हा सभ्यपणाचा वाटे. आज वाटत नाही. आपल्या व्यापारी कुटुंबांत नैराश्यावर किंवा चारचौघांच्या भीतीवर झाडपाल्याचे औषध घेतले जाते ते वनस्पतीवरील श्रद्धेमुळे कमी आणि गुप्ततेसाठी अधिक, असे माझे मत झाले आहे. आपला सारा व्यवहार पतीवर चालतो. गादीवर बसणाऱ्याचे मन ठिकाणावर नाही अशी कुजबुज बाजारात झाली तर उधारीवर माल कोण देईल? घरात उपवर मुलगी असेल तर सोयरीक कशी जुळेल? हे भय खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मीही त्यातच वाढलो. मात्र या भयाची किंमत काय पडते, ते आमच्याच घरात पाहिले आहे.

माझे थोरले चुलतभाऊ सोयाबीन आणि तुरीची आडत करीत. एका हंगामात मोठी रक्कम अडकली. ती पुढे बरीचशी वसूलही झाली, परंतु भाऊंची झोप गेली ती परत आली नाही. पहाटे तीनला उठून ते ओसरीवर बसत. जेवण कमी झाले, मंदिरात जाणे थांबले, हिशेबाच्या वहीत साध्या बेरजा चुकू लागल्या. वहिनींनी ते कोणाला सांगितले नाही. मला सांगितले ते मी दुकानदार म्हणून. मी आस्कंद दिले. पुढे ओळखीच्या एका गृहस्थांनी झोपेसाठी सर्पगंधाच्या गोळ्या सुचविल्या आणि त्याही मीच मागवून दिल्या. झोप थोडी लागू लागली, पण भाऊ अधिकच गप्प झाले. सात महिन्यांनी, एका सकाळी त्यांनी मुलाला सगळ्या येण्या-देण्याचा कागद लिहून दिला, तेव्हा वहिनी घाबरल्या आणि आम्ही त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा : आतापर्यंत काय काय घेतले? सर्पगंधाचे नाव ऐकताच त्यांनी ती त्याच दिवशी बंद करायला सांगितली. भाऊंची प्रकृती तिच्यामुळेच बिघडली असे ते म्हणाले नाहीत. नैराश्य असलेल्या माणसाला ही वनस्पती देत नाहीत, एवढेच म्हणाले.

मी इतकी वर्षे जी मुळी विकली तिचा इतिहास त्यानंतर वाचला. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्यकतज्ज्ञांनी सर्पगंधा उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर उपयुक्त असल्याचे लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या रक्तदाबावरील गुणाविषयी ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. दोन वर्षांत ते अमेरिकेतील मनोरुग्णालयांत वापरले जाऊ लागले. मग रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या मनावर मळभ येते, अशा नोंदी होऊ लागल्या. त्या नोंदींवर नंतर वाद झाले. तरीही नैराश्याच्या रुग्णाला रेसर्पिन देऊ नये हा इशारा वैद्यकात कायम राहिला. नैराश्यात मेंदूतील रसायनांचे काय होते या विषयावरील आधुनिक विचाराला चालना मिळाली, त्यात या मुळीचाही वाटा आहे. झाडपाला आहे, गुण आला नाही तरी अपाय तर होणार नाही, हे वाक्य मी गिऱ्हाइकांना किती वेळा ऐकविले असेल! ज्या वनस्पतीत गुण देण्याइतके बळ आहे तिच्यात अवगुण देण्याइतकेही बळ असणारच. व्यापाऱ्याला हे कळायला हवे होते.

याचा अर्थ सगळी वनौषधी टाकाऊ, असा नव्हे. आस्कंदाविषयी आपल्या देशात प्रयोग झाले आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६४ व्यक्तींपैकी काहींना ६० दिवस मुळाचा अर्क आणि काहींना औषध नसलेली कॅप्सूल दिली. अर्क घेणाऱ्यांचा ताण लक्षणीयरीत्या उतरला. परंतु ती माणसे ताणाखाली असलेली होती, नैराश्याने अंथरुणाला खिळलेली नव्हती, आणि अर्क म्हणजे आपल्या डब्यातले चूर्ण नव्हे. आस्कंद थायरॉईडच्या औषधाशी आणि झोपेच्या गोळ्यांशी जुळत नाही, गरोदरपणी घेत नाहीत आणि काही जणांच्या यकृताला त्याने इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. त्याच्या पानांचा वापर करू नये, मूळच वापरावे, असे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना बजावले आहे.

ब्राह्मीची कथा निराळी. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णी विकली जाते; खरी जलब्राह्मी ही वेगळीच वनस्पती. आम्हीही दोन्ही एकाच बरणीतून विकत होतो, हे कबूल करतो. शिवाय जलब्राह्मीवरचे बहुतेक प्रयोग स्मरणशक्तीविषयी आहेत, उदास मनाविषयी फार थोडे. शंखपुष्पी या नावानेही देशाच्या निरनिराळ्या भागांत तीन-चार वनस्पती खपतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की, शंखपुष्पीयुक्त एका आयुर्वेदिक औषधामुळे रक्तातील फेनिटॉइन या फिटच्या औषधाचे प्रमाण घटते. ज्या दोन रुग्णांवरून त्यांचे याकडे लक्ष गेले, त्यांचे आटोक्यात असलेले झटके परत सुरू झाले होते. घरात फिट येणारे मूल असेल आणि परीक्षेसाठी म्हणून त्याला शंखपुष्पीचे सरबत चालू असेल, तर एवढी एक ओळ तरी आपल्या डॉक्टरांना सांगावी.

परदेशी गेलेली मुले सेंट जॉन्स वर्ट नावाच्या युरोपीय वनस्पतीच्या डब्या पाठवितात. तिच्या बाजूचा पुरावा या सगळ्यांत भक्कम आहे. २००८ मध्ये २९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा सौम्य व मध्यम नैराश्यात ती नेहमीच्या औषधांच्या बरोबरीची ठरली. परंतु हीच वनस्पती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा, गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या औषधांचा परिणाम कमी करते, आणि नैराश्यावरील इतर गोळ्यांबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांच्या कपाटात ही डबी सापडली तर ती साधी गोष्ट समजू नका.

आपल्या वाचकांचा आणखी एक प्रश्न असतो, तो नियमांचा. कंदमूळ वर्ज्य, मग आस्कंदाचे काय? हळद आणि सुंठ वाळलेल्या रूपात आपल्या बहुतेक घरांत चालतात, त्याच न्यायाने अनेक जण वाळलेले आस्कंद घेतात. ज्यांचा नियम अधिक काटेकोर आहे त्यांनी आपल्या गुरूंना विचारावे. मुळीपेक्षा मोठी अडचण मला इतरत्र दिसते. अश्वगंधारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत आंबविण्यामुळे मद्यार्क आपोआप तयार होतो. पुष्कळ चूर्णे मधातून घ्यायला सांगतात. तेथे दूध, तूप किंवा कोमट पाणी चालते का ते वैद्यांना विचारता येते. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज, असू शकते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेल्या उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचताना मद्य, मांस आणि मध यांना औषधातही थारा दिला नाही. हा ग्रंथ पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी हिंदी अनुवादासह संपादित केला आणि १९४० मध्ये सोलापूरहून प्रसिद्ध झाला. नियम सांभाळून उपचार करता येतात, हे सांगणारा वैद्य आपल्याच परंपरेत अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. उपचारच करू नयेत असे मात्र त्याने कोठेही म्हटलेले नाही.

आधुनिक गोळ्यांबाबतही हेच. रात्री औषध चालत नाही म्हणून उपचार सोडलेली दोन कुटुंबे मला ठाऊक आहेत. नैराश्यावरील अनेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात आणि त्यांची वेळ बहुधा सूर्यास्तापूर्वीची करून घेता येते. केवळ विचारायचे असते. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात मात्र विशेष सावध राहावे. गोळी एकदम थांबविली तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होतात. लिथियम घेणाऱ्याने निर्जळ उपवास डॉक्टरांना न सांगता कदापि करू नये. अंगातले पाणी कमी झाले की त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते.

चारचौघांच्या भीतीविषयी थोडे वेगळे सांगायला हवे, कारण तिला आपण आजार मानतच नाही. मुलगा गादीवर बसत नाही, फोन उचलत नाही, लग्नकार्यात जेवणाच्या पंक्तीआधीच घरी परततो. आपण त्याला लाजाळू म्हणतो, कधी घमेंडी म्हणतो. त्याच्या दुधात चूर्ण घालण्याने काही होत नाही. या भीतीवर ज्या उपचाराने सर्वाधिक गुण येतो त्यात प्रशिक्षित समुपदेशक त्या मुलाला लहान लहान पायऱ्यांनी भीतीच्या जागी नेतो. आधी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाशी दोन वाक्ये, मग अनोळखी माणसाला भाव सांगणे, मग वसुलीचा एक फोन. गरज पडली तर सोबत गोळी. आपल्या पेढीइतकी सरावाची सोयीची जागा दुसरी कोणती? परंतु वडिलांनी सर्वांसमोर, याला बोलताच येत नाही, असे एकदा म्हटले की मुलगा चार पायऱ्या खाली उतरतो.

आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबविला गेला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी मनाच्या आजाराविषयी बोलायचे आणि गरज असेल त्याला समुपदेशकापर्यंत पोहोचवायचे, असे त्याचे स्वरूप होते. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते; १८ महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्के झाले. नवी जडीबुटी किंवा नवी गोळी कोणी शोधून काढली नव्हती. लोक बोलू लागले होते, इतकेच.

वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकारांसाठी उपचार मिळतात. नावगाव न सांगता घरबसल्या बोलायचे असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा शासकीय क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि मराठीतूनही बोलता येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातील रस गेला असेल तर काष्ठौषधींच्या दुकानाआधी तेथे जावे. जगणे नको असे कोणी बोलून दाखविले, किंवा न बोलता येण्या-देण्याची आवराआवर सुरू केली, तर उद्याची वाट पाहू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. विमापत्रात ते पाहून घ्यावे, व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

भाऊंना सावरायला आठ-नऊ महिने लागले. सोयरिकीची चिंता होती, तीही निवळली; पुतणीच्या सासरच्यांना वहिनींनी बैठकीतच सगळे सांगून टाकले, आणि मुलाच्या आजीने, आमच्याकडेही एक जण घेतो, असे म्हणून विषय पुढे नेला. भाऊ आता पुन्हा आडतीवर बसतात. सूर्य मावळायच्या आत, मापाडी आणि शेतकरी समोर असताना, ते गल्ल्यातून गोळ्यांचे पाकीट काढतात आणि पोऱ्याला पाणी आणायला सांगतात.