वांग्यापासून तुरीपर्यंत: पिकांची स्वतःची औषधं

चंपाषष्ठीला खंडोबाचा भरीत-रोडगा झाला की लोहा गावातल्या घराघरांत वांगी पुन्हा चिरली जातात. फोडी पाण्यात टाकायच्या राहिल्या तर काळ्या पडतात. हे काम पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं. पेशी फुटली की ते वांग्यातल्या फिनॉलचं क्विनोन करतं आणि क्विनोन बुरशीला, जिवाणूला बाधतं. आपली विळी आणि बुरशीचा हल्ला यांतला फरक वांग्याला कळत नाही. जखम झाली की औषध तयार!

दुसरं औषध थेट बुरशीच्या भिंतीवर चालतं. बहुतेक बुरशींच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं. खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचातही तेच. झाडात कायटिन मुळीच नसतं, त्यामुळे कायटिन तोडणारं कायटिनेज झाड बिनधास्त सोडतं. स्वतःला इजा व्हायची भीतीच नाही. १९९१ मध्ये घेवड्याचं कायटिनेज-जनुक तंबाखूत घातलं, तर ती रोपं रायझोक्टोनिया बुरशीपुढे जास्त टिकली.

हळदीची कंदकूज मात्र इथे चकवा देते. ती घडवणारा पिथियम दिसतो बुरशीसारखा, पण त्याची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकानची. कायटिनेजला तिथे फारसं कामच नाही. ग्लुकान तोडणारं ग्लुकानेज हवं. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही पिथियमवर चालत नाही. शिवाय कंद कुजवणारी फ्युजेरियमसारखी खरी बुरशीही असते. म्हणून कंद मऊ पडला की आधी कारण ओळखायचं, मग दुकानात जायचं. पैसा वाचतो आणि हळदही.

सोयाबीनचं ग्लुकानेज तर दुहेरी काम करतं. ते फायटोफ्थोरा या रोगकारकाची भिंत कुरतडतं आणि त्यातून सुटलेले तुकडेच सोयाबीनला धोक्याचा इशारा देतात. मग ग्लायसिओलिन नावाचं रोगरोधक रसायन बनू लागतं. आणि सोयादुधाचा तो उग्र वास? तोही एका विकराचा, लिपॉक्सिजनेजचा. त्याच घराण्यातली विकरं पानात जास्मोनिक आम्ल बनवायला सुरुवात करतात. झाडाचा बचाव जागा करणारं हे संप्रेरक.

आता तूर. मर लागली, तूर उधळली की वर्षाचं गणित कोलमडतं. फ्युजेरियम उडम मुळातून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते. खोड उभं चिरलं की आत काळपट-तपकिरी रेघा दिसतात. या बुरशीचं नामकरण एडविन बटलर यांनी १९१० मध्ये केलं. पेरॉक्सिडेज, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, फिनाइलअलानिन अमोनिया लायेज ही विकरं बळी पडणाऱ्या तुरीतही असतात. मग फरक कशाचा? बऱ्याच अंशी वेळेचा. तग धरणारं वाण ती लवकर आणि जास्त बनवतं, मुळाच्या भिंती लिग्निननं कडक करतं आणि बुरशीची वाट अडवतं. उशीर झाला तर तीच विकरं बनून उपयोग नाही. म्हणून बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या बीएसएमआर ७३६ या लाल आणि बीडीएन ७११ या पांढऱ्या तुरीचं मोल मला फवारणीच्या कुठल्याही डब्यापेक्षा जास्त वाटतं. प्रतिकार बियाण्यातूनच येतो, आणि बुरशी तर जमिनीत वर्षानुवर्षं टिकते.

हरभऱ्याची गोष्ट उलटी. घाटेअळीची पाचक विकरं निकामी करणारी प्रथिनं तो दाण्यात साठवतो. पण अळीच्या पोटातली विकरं ही प्रथिनंच तोडून टाकतात, असं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. ही लढाई अजून चालूच आहे.

वनस्पतीतलं रोगप्रतिकारक जनुक शास्त्रज्ञांच्या हाती पहिल्यांदा आलं ते १९९२ मध्ये, मक्यातलं एचएम१. गुरमुख जोहाल आणि स्टीव्हन ब्रिग्ज यांनी ते वेगळं केलं. निघालं काय? एका विकराचाच नकाशा! बुरशीचं विष निष्प्रभ करणारं विकर.

आपल्या ओळखीचा ट्रायकोडर्माही याच हत्यारांवर जगतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बायोमिक्स या जैविक मिश्रणामुळे तो मराठवाड्यात घरोघरी पोचला. स्वतः बुरशी असून तो कायटिनेज आणि ग्लुकानेज सोडून दुसऱ्या बुरशीची भिंत फोडतो. मात्र बीजप्रक्रियेत तो कार्बेन्डाझिमसोबत कालवू नका. ते औषध या मित्रबुरशीलाही मारतं.