अर्धा सॅक्सोफोन तोंडात असतो

जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन कधी ऐकलाय? तो एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारत नाही, लोण्यासारखा घसरत जातो. या घसरण्याला आपण सरळ मींड म्हणू. आता वाद्याकडे नीट बघा. पितळेची नळी, तिला वीसेक भोकं, भोकांवर झाकणं, झाकणं हलवायला कळा. अशी ठरावीक सुरांची सोय असलेल्या हार्मोनियमवर मींड निघत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मग सॅक्सोफोनवर ती येते कुठून?

बोटं सावकाश उचलून थोडंफार साधतं. पण खरी गंमत बोटांत नाहीच!

माउथपीसला वेताची एक पातळ पट्टी बांधलेली असते, ती रीड. फुंकर मारली की रीड थरथरते, फट उघडते आणि मिटते. प्रत्येक उघडझापीला हवेचा एक धक्का नळीत शिरतो, नळीतून परावर्तित होऊन मागे येतो आणि पुढची उघडझाप कधी व्हायची ते ठरवतो. सेकंदाला ४४० वेळा हे घडलं की ४४० हर्ट्झचा सूर. म्हणजे सूर नळी ठरवते. पण जरा थांबा. रीडच्या एका अंगाला नळीतली हवा आहे, तशी दुसऱ्या अंगाला तोंडातली आणि घशातलीही आहे. तीही एक पोकळीच, आणि तिलाही स्वतःची कंपनं आहेत!

ही चक्क रस्सीखेच आहे. दोरीच्या मधोमध रीड, एकीकडे धातूची नळी, दुसरीकडे वादकाचा घसा. खालच्या सुरांत नळीचा संघ इतका दांडगा असतो की घशाची डाळ शिजत नाही. वर जावं तशी नळीची पकड सैल होते आणि घसा सूर आपल्याकडे ओढू लागतो.

हा केवळ अंदाज नाही. सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी वादक वाजवत असतानाच त्याच्या तोंडातली कंपनं मोजली आणि २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्यापलीकडचे अतितार सूर काढताना मुरलेले वादक आपली मुखपोकळी त्या सुराशी जुळवून घेत होते. ज्यांना हे जुळवणं जमत नव्हतं, त्यांना ते सूरही जमत नव्हते. वादक वाजवता वाजवता स्वतःचं तोंड ट्यून करत होते!

मग याचा रियाज करायचा कसा? आधी वाद्य बाजूला ठेवायचं. हातात फक्त माउथपीस आणि रीड. आल्टोच्या माउथपीसवर साधारण ८८० हर्ट्झचा सूर धरायचा आणि जिभेची ठेवण ‘ई’कडून ‘ओ’कडे नेत, जबडा किंचित सैल सोडत तो खाली ओढायचा. सुरुवातीला बदकाचा आवाज येतो. हळूहळू सूर खाली उतरतो, पुन्हा वर चढतो, आणि हे सगळं एकाही कळेविना.

खाली ओढणं सोपं, वर ढकलणं मात्र अवघड. असं का? ओठांनी रीड आधीच दाबलेली असते. आणखी दाबलं तर फट मिटते आणि आवाजच बंद पडतो. म्हणून ‘स्कूप’ घेणारा वादक सुराच्या खालून सुरुवात करून वर येतो. व्हायब्रेटोसाठी, म्हणजे सूर लहरता ठेवण्यासाठी, जबडा ‘या-या-या’ म्हणताना हलावा तसा हलवतात. मेट्रोनोम ६० वर लावून एका ठोक्यात आधी दोन, मग तीन, मग चार लाटा, सगळ्या सारख्या.

त्याहून अचाट सराव म्हणजे बोटं सर्वांत खालच्या सुरावर गोठवून ठेवायची आणि केवळ घशाच्या बळावर त्याच नळीतून वरचं सप्तक, मग त्याच्याही वरचा पंचम, मग त्याहून वरचं सप्तक काढायचं. सॅक्सोफोनवादक सिगुर्ड राशर यांनी १९४१ मध्ये पुस्तक लिहून या वाटेची शिस्तच घालून दिली.

अडचण एवढीच की बोटं दाखवता येतात, जीभ दाखवता येत नाही. शिक्षक शिकवणार काय? सांगतात, सूर आधी मनात ऐक, गाऊन बघ. आपल्याकडच्या गुरूंचा हा जुनाच सल्ला इथे शब्दशः भौतिकशास्त्र ठरतो. मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथ यांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीतातली गमकं उतरवली आणि १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्सपर्यंत पोहोचवली. चेन्नईत त्यांना घडवणारे गुरू टी. व्ही. गोपालकृष्णन सॅक्सोफोनवादक नव्हतेच. ते मृदंग वाजवत आणि गात.