सिस्टर, जरा येता का?

तळमजल्यावरच्या काकांनी पोटाची चिमूट धरली होती, सुई टोचायचीच काय ती बाकी होती. तेवढ्यात सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं. "काका, थांबा. ही सिरिंज कुठली आणलीत?"

नेहमीची संपली होती, मेडिकलवाल्या पोरानं दुसरी दिली, असं काका म्हणाले. सिस्टरांनी टेबलावरचं टोपण उचलून दाखवलं. लाल. मग इन्सुलिनची बाटली ट्यूबलाइटखाली धरली. तिच्यावर लिहिलं होतं १००.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं आणि १०० युनिट असलेलं. सिरिंजही दोन. ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची, १०० साठी नारंगी. रेघा दोन्हींवर असतात, आकडेही असतात, आणि म्हातारे डोळे फक्त आकडा बघतात. काकांनी रोजच्यासारखं २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं होतं. पण लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि १०० च्या बाटलीतलं अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. अडीचपट डोस. जेवण थोडं कमी झालं असतं तर काका रात्री झोपेतच बेशुद्ध पडले असते आणि घरच्यांना वाटलं असतं, आज छान झोप लागली.

सिस्टरांनी ती सिरिंज रिकामी केली, काकांच्या नातवाला नारंगी टोपणाची आणायला पिटाळलं आणि गॅसवर भात ठेवलाय म्हणून वर निघून गेल्या. हे सगळं चार मिनिटांत.

या सिस्टर आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचं नाव निम्म्या इमारतीला माहीत नाही, त्या 'सिस्टर' आहेत. राज्य सरकारच्या सेवेत परिचारिका ५८ व्या वर्षी निवृत्त होते, त्याही झाल्या, त्याला पाच वर्षं उलटली. नोकरीची शेवटची सहा वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात इन्चार्ज होत्या. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला दाराची बेल. "सिस्टर, जरा येता का? आईला इंजेक्शन द्यायचंय, दवाखाना लांब पडतो."

इथून पुढचं जे काही आहे त्याला आपण कौतुकानं 'समाजसेवा' म्हणतो. मला त्या शब्दाशी थोडं भांडायचं आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली पदनामं बघा. डॉक्टर असतो तो 'वैद्यकीय अधिकारी'. गावोगाव हिंडून लशी टोचणारी, बाळंतपणाला धावणारी ती 'आरोग्यसेविका'. मोठ्या रुग्णालयात शेकडो माणसांचं काम हलवणारी मेट्रन, ती सरकारी मराठीत 'अधिसेविका'. म्हणजे बढती मिळाली तरी सेवाच, फक्त अधिक. याला इतिहास आहे आणि तो वाईट नाही. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या तेव्हा परक्या माणसांची अंगं पुसायचं काम म्हणून लोकांनी नाकं मुरडली. त्या नाकांना उत्तर द्यायला 'सेवा' हा शब्द उपयोगी पडला. त्यानं कामाला प्रतिष्ठा दिली, पण कामाचं मोल मात्र कायमचं धूसर केलं. जी बाई पगार घेत होती तेव्हाही 'सेवा' करत होती, ती पगार थांबल्यावर का थांबेल, असा आपला हिशेब.

म्हणून सिस्टरांची बेल रात्री साडेअकरालाही वाजते. त्यांच्या गुडघ्याची आठवण कुणाला नसते.

यात धोकाही आहे, आणि तो घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला जास्त. इंजेक्शन ही रुग्णालयात साधी गोष्ट असते, कारण तिथे पाच पावलांवर ऑक्सिजन असतो आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर. सोफ्यावर बसवून दिलेल्या अँटिबायोटिकनं अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, तर घरात ॲड्रिनॅलिन कुठून आणणार? डॉक्टरच्या लेखी सूचनेशिवाय औषध द्यायचा परिचारिकेला अधिकार नाही, आणि शेजारीण हातात देते ती चिठ्ठी बहुधा मागच्या वर्षीची असते. शिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. आमच्या सिस्टरांनी ती केली नव्हती. "नोकरीच नाही तर कशाला, म्हटलं." म्हणजे काही बरंवाईट झालं असतं तर कागदावर त्या सिस्टर नव्हत्याच, इंजेक्शन देणारी एक शेजारीण होत्या.

मग त्यांनी काहीच करू नये का? उलट. त्यांना जे खरं येतं ते आपण मागतच नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. सिस्टर बघायला गेल्या तेव्हा मी तिथे होतो. त्यांनी आजींशी दोन शब्द बोलून पायावरची चादर दूर केली आणि थेट टाच उचलून पाहिली. मग कुशीवर वळवून माकडहाडापाशी बोट दाबलं. तिथे रुपयाएवढा लाल डाग होता. बोट काढल्यावर डाग क्षणभर पांढरा पडला तर रक्त अजून फिरतंय. लालच राहिला तर आतून कातडी मरायला लागलीय. तो लालच राहिला. सूनबाई रडवेल्या झाल्या, कारण त्या रोज दोनदा तिथे स्पिरिट चोळून पावडर लावत होत्या.

"चोळू नका," सिस्टर म्हणाल्या. "आम्हाला पण हेच शिकवलं होतं. वर्षानुवर्षं मी चोळलंय. आता नको म्हणतात, आतलं आणखी फाटतं." पाण्यानं भरलेला रबरी हातमोजा टाचेखाली ठेवायची वॉर्डातली जुनी युक्तीही त्यांनी रद्द केली. पोटरीखाली उशी अशी सरकवली की टाच हवेत राहिली. चादरीची सुरकुती ताणली, बिस्किटाचा चुरा झटकला. कपाटावर कागद चिकटवला: ८ डावी कूस, १० पाठ, १२ उजवी. सुनेकडून आणि मुलाकडून आजींना वळवून घेतलं, एकदा नाही, तीनदा, ओढायचं नाही, उचलून सरकवायचं हे हाताला बसेपर्यंत. स्वतः मात्र हात लावला नाही.

के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं तेव्हा, सदतीस वर्षं अंथरुणात काढलेल्या त्या देहावर बेडसोअर नव्हता. परिचर्या म्हणजे काय, हे मला त्या एका नोंदीइतकं कुठल्याच पुस्तकातून कळलेलं नाही. आणि हे शिकवता येतं. इंजेक्शन एकाच्या दंडात संपतं, कूस बदलायचं ज्ञान घरात राहतं.

अर्थात ज्ञानही निवृत्त होतं. छातीवर दाब देऊन श्वास देण्याचं प्रमाण आमच्या सिस्टर शिकल्या तेव्हा १५ ला २ होतं. २००५ मध्ये ते ३० ला २ झालं. स्पिरिटचं वर आलंच. तेव्हा अधूनमधून उजळणी हवी, आणि ती घरी बसून होत नाही.

निवृत्त हातांना नीट कामाला लावता येतं याचा एक दाखला अमेरिकेत आहे. दक्षिण कॅरोलायनात हिल्टन हेड नावाचं बेट आहे. गोल्फची मैदानं, समुद्र, निवृत्त पैसेवाल्यांचे बंगले. तिथल्या हॉटेलांत चादरी बदलणाऱ्या आणि बागा राखणाऱ्या कितीतरी माणसांकडे आरोग्यविमा नव्हता. जॅक मॅकॉनेल या निवृत्त डॉक्टरला दिसलं की उपचाराविना राहणारे आणि उपचार जाणणारे रिकामे लोक एकाच बेटावर राहताहेत. अडचण परवान्याची होती. इतर राज्यांतून येऊन स्थायिक झालेल्यांना इथे काम करायचं तर सगळे सोपस्कार नव्यानं. राज्यानं बिनपगारी काम करणाऱ्या निवृत्तांसाठी वेगळा परवाना काढला, विम्याची सोय झाली आणि १९९४ मध्ये निवृत्त डॉक्टर, नर्सेस, दंतवैद्य यांच्या बळावर मोफत दवाखाना उघडला. परोपकार होताच, पण आधी कागद झाला.

कागदाचा अतिरेकही होतो. ब्रिटननं २०२० च्या मार्चमध्ये निवृत्त नर्सेसना तात्पुरत्या नोंदवहीत घेतलं, हजारोंनी नावं दिली, आणि अनेकांना कामाचा निरोपच गेला नाही. त्या वर्षअखेरीस लसीकरण सुरू झालं तेव्हा मदतीला आलेल्या निवृत्त डॉक्टर-नर्सेसकडे वीसेक प्रमाणपत्रं मागितली गेली. त्यात आगीपासून बचावाचं होतं आणि दहशतवादी विचारांना पायबंद घालण्याच्या प्रशिक्षणाचंही! आयुष्यभर लशी टोचलेल्या बाईला हे विचारणाऱ्या कारकुनाला साष्टांग नमस्कार. ओरड झाल्यावर अटी कमी केल्या.

आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी 'कोविड योद्धा' म्हणून निवृत्त परिचारिकांना आणि लष्कराच्या वैद्यकीय सेवेतल्या निवृत्तांना साद घातली होती. लोक पुढे आले. पण ती आणीबाणीची हाक होती, आणि त्या आजारात जास्त धोका साठीपुढच्यांनाच. एरवीच्या दिवसांसाठी, निवृत्त परिचारिकेनं आठवड्याचे चार तास कुठे, कुणाच्या जबाबदारीवर द्यावेत, याची रीत घालून दिलेली मला दिसली नाही.

मला सगळ्यात पटलं ते केरळचं. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी वेदनाशामक उपचारांची संस्था सुरू केली. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं, आणि २००८ मध्ये राज्यानं स्वतंत्र धोरणच आणलं. तिथे स्वयंसेवक कोण? शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, विद्यार्थी, गृहिणी. ते थोडं प्रशिक्षण घेतात, आजाऱ्यापाशी बसतात, रेशन पोचवतात, कचेरीतलं काम करून देतात. घरी जाऊन जखम बांधणारी, नळी बदलणारी नर्स मात्र पगारी असते. आपल्या इमारतीत याच्या बरोबर उलट. नर्स फुकट आणि शेजारी बसून.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सिस्टर आजारी पडल्या. साधा ताप, पण आठ दिवस बेल वाजली नाही, कारण बेल वाजवणाऱ्यांना वाटलं, त्यांना कशाला त्रास. सूप घेऊन कुणी गेलं नाही. नवव्या दिवशी त्या उठल्या, नोंदणीच्या नूतनीकरणाची चौकशी केली, गावातल्या एका फॅमिली डॉक्टरशी बोलणं केलं आणि दारावर एक पाटी लावली. इंजेक्शन दिलं जाणार नाही. ब्लडप्रेशर व शुगर तपासणी, मंगळवार आणि शुक्रवार, ५ ते ६, सोसायटीच्या ऑफिसात. घरातला माणूस अंथरुणाला असेल तर घरातल्या दोघांनी शिकायला यावं. पहिल्या मंगळवारी कुजबुज झाली, सिस्टर बदलल्या म्हणून. गेल्या शुक्रवारी ऑफिसात अकरा जण होते, त्यात तीन पुरुष. बीपीच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचा नियम कुणालाच जमत नव्हता.

तुमच्या इमारतीत, वाड्यात, आळीत अशी कुणी सिस्टर असेलच. वेळ विचारून जा, डॉक्टरांची ताजी चिठ्ठी सोबत न्या, घरच्या दुसऱ्या माणसालाही न्या. आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर आज रात्रीच्या डोसाआधी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग एकदा बघून घ्या.