पाकिटातला जिवाणू मेलेला दाणा जिवंत करत नाही

हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली की कृषी सेवा केंद्रात जिवाणू संवर्धकाची पाकिटं मागायला झुंबड उडते. मागणाऱ्यांपैकी बरेच जण धरून चालतात की हे चोळलं की उगवण वाढणारच. इथेच पहिली गफलत होते.

बी उगवतं ते स्वतःच्या ताकदीवर. कोंब मेला असेल, भुंग्याने दाणा पोखरला असेल, तर कुठलाही जिवाणू त्याला उठवणार नाही. जिवाणूंचं आणि मित्रबुरशीचं काम वेगळं आहे. ट्रायकोडर्मा रुजणाऱ्या दाण्याभोवती वाढून मूळकुज आणि मर रोगाच्या बुरशीला आवरते, त्यामुळे जमिनीत कुजून गेले असते असे काही कोंब वर येतात. शेतात उगवण सुधारल्यासारखी दिसते ती मुख्यतः यामुळे. म्हणून आधी घरी तपासणी करा: ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळा, गोणपाट ओलं ठेवा आणि आठ दिवसांनी कोंब मोजा. प्रमाणित हरभरा बियाण्याची उगवण किमान 85 टक्के लागते, तूर-मूग-उडदाची 75. त्याहून बरीच कमी आली तर बियाणं बदला. पाकिटावर भिस्त ठेवू नका.

रायझोबियमचा तर उगवणीशी फारसा संबंधच नाही. तो मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देतो, आणि त्या गाठी दिसायलाच तीन-चार आठवडे लागतात. गाठींतला हा जिवाणू मार्टिनुस बायरिंक या डच शास्त्रज्ञाने 1888 मध्ये वेगळा काढला. तरीही कुणी कुणी गाठी पाहून सूत्रकृमी लागला म्हणून घाबरतात. फरक सोपा आहे. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सहज सुटते आणि चिरली की आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीत मूळच सुजतं, गाठ सुटी निघत नाही. आतून पांढरी किंवा हिरवट गाठ म्हणजे नत्राचं काम सुरू नाही किंवा थांबलं आहे.

‘रायझोबियम सगळ्या डाळींना एकच चालतं’ हाही असाच गोड समज. तूर, मूग, उडीद, चवळी यांचा गट एक. हरभऱ्याचा जिवाणू मात्र वेगळा. पाकिटावरचं पिकाचं नाव आणि मुदत वाचून घ्या. खताच्या गोण्यांशेजारी तापलेलं पाकीट मुदतीत असलं तरी मी घेणार नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते क्रमात. रासायनिक बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. सगळं एकाच टोपल्यात कालवायचं नाही. ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर बुरशीनाशक नकोच, कारण ती स्वतःच बुरशी आहे. एक लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा आणि त्यातलं दाणे जेमतेम ओले होतील इतकंच घ्या. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट हलक्या हाताने लावा. रगडलंत तर साल सुटून डाळ होते. मग सावलीत सुकवा, उन्हात नाही.

लावलेलं बियाणं त्याच दिवशी, वाफशावर पेरा. उरलं तर पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका.